ऐंशी किलोचा फरक

गेल्या दिवाळीपर्यंत माझं वजन बहात्तर किलो होतं. हा आकडा चौदा वर्षांपूर्वी शाळेतल्या आरोग्य शिबिरात मला मिळाला आणि तेव्हापासून मी तो जपून वापरत आलो. विम्याच्या अर्जात बहात्तर, रक्तदानाच्या रांगेत बहात्तर, बायकोनं विचारलं तरी बहात्तर. माणसाचं वय दरवर्षी बदलतं, चष्म्याचा नंबर बदलतो, एखादी गोष्ट तरी आयुष्यात कायम असावी असं मला वाटतं. हा आकडा भर दुपारी चाळीस ट्रक ड्रायव्हरांच्या साक्षीनं कसा खोटा ठरला ते सांगायचं, तर सुरुवात आबांपासून करावी लागेल.

आबा म्हणजे माझे वडील, कोंडीराम. वय वर्षं ब्याऐंशी. अडतीस वर्षं त्यांनी लोकांचे ट्रक चालवले. मागच्या वर्षी आई गेली आणि आबांचं सगळं बोलणं पाच शब्दांवर आलं: हं, नको, असू दे, चहा, झोपतो. तेही इतके पुरवून वापरायचे की दुपारपर्यंत दोनच खर्ची पडत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. पोरांना गप्प बसवण्यात माझी हयात गेली, गप्प माणसाला बोलतं कसं करायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, फक्त मन कशात तरी गुंतवा.

मन गुंतवण्याच्या बाबतीत आमची धाराशिवची कॉलनी फार उत्साही आहे. एकानं पोपट पाळायला सांगितला. दुसऱ्यानं हास्यक्लबात नेलं. तिथं आबा तासभर गंभीर चेहऱ्यानं उभे राहिले आणि त्यांच्याकडं बघून इतरांचंही हसू आटलं, तेव्हा क्लबानंच पुन्हा आणू नका म्हणून विनंती केली. शेजारचे गौरीशंकर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. जगातली कुठलीही अडचण नीट अर्ज केला नाही म्हणून उद्भवते, असं त्यांचं मत आहे. आबांच्या बाबतीत अर्ज कोणाकडं करावा हे मात्र त्यांनाही सुचेना, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

शेवटी तोडगा काढला माझ्या बायकोनं, रोहिणीनं. तिचा धाकटा भाऊ व्यंकट, त्याचा स्वतःचा दहा चाकी ट्रक आहे आणि तो स्वतःच चालवतो. "मामंजींना एकदा गाडीत बसवून फिरवून आणा," ती म्हणाली. "इंजिनाचा आवाज कानावर पडला की बोलतील."

व्यंकट लगेच तयार झाला. "सोपं हाय दाजी. सोमवारी सकाळी उमरग्याकडच्या कारखान्यात सोयाबीनची पेंड भरायची, दुपारी निघायचं, संध्याकाळी परंड्याला कोंबडीखाद्याच्या गोडाऊनला उतरवायची. रात्री जेवायला घरी."

रात्री जेवायला घरी, या तीन शब्दांवर विसंबून मी बरोबर एक टॉवेल, दोन केळी आणि आबांच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या. गौरीशंकर फाटकापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या हातात फुलस्केप कागदांचं पॅड ठेवलं. "कागदाशिवाय माणसानं घराबाहेर पडू नये, सर." मी हसलो.

गाडीत चढण्याचा प्रसंग मी थोडक्यात आटोपतो. आबांनी दांडीला एक हात घातला आणि ते वर जाऊन बसलेसुद्धा. मला व्यंकटनं खालून रेटा दिला. समोरच्या ओट्यावर माझे दोन माजी विद्यार्थी उभे होते. त्यांनी सौजन्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

सकाळी सातला आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. आमच्या पुढं चाळीस ट्रक उभे होते. वॉचमननं एक्केचाळीस नंबरचं टोकन दिलं. मी म्हटलं, झालं, आता हे कधी आटपायचं. तेवढ्यात आबांनी काच खाली केली, मान बाहेर काढून रांगेच्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लाईन लई मोठी हाय. उद्या दुपारपातुर नंबर लागत न्हाय."

मी बोटांवर मोजले. नऊ शब्द. वर्षभरातली सगळी शिल्लक त्यांनी एका दमात काढली होती. माझे डोळे भरून आले, आणि मग वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला. उद्या दुपारपर्यंत?

व्यंकटनं मला सगळा व्यवहार समजावला. ठरल्यापेक्षा जास्त वेळ गाडी थांबवून ठेवली, तर थांबल्याचे पैसे ट्रान्सपोर्टच्या मालकाकडून ड्रायव्हरला मिळतात. त्याला हाल्टिंग म्हणायचं. पहिले बारा तास माफ, पुढं दिवसाला दीड हजार. "पण मिळत न्हाय दाजी. वॉचमन आपली नोंद करतोय गाडी आत गेल्यावर. भाईर दोन दिस उभी ऱ्हायली तरी रजिस्टरला काय दिसतंय? आजच आली, आजच भरली."

हे ऐकून माझ्यातला मुख्याध्यापक जागा झाला. हजेरीपट म्हणजे काय ते मला शिकवायचं का? मी तरातरा वॉचमनकडं गेलो आणि पोरगा शाळेच्या दारात उभा असेल तर तो हजर की गैरहजर, हे उदाहरण देऊन त्याला सगळं पटवून दिलं. त्यानं मन लावून ऐकलं. "बरोबर हाय सर तुमचं," तो म्हणाला. "जावा, लाईनीत बसा."

परत आलो तर आबा गाडीतून खाली उतरून टायरांवर एकेक थाप मारत होते. मला बघून म्हणाले, "गावात पोस्ट हाय का?"

"असेल. का?"

"तीन कार्डं आण."

मला वाटलं, आता मात्र आबांचं वय बोलू लागलं. "एक पुरे की आबा. आणि कोणाला लिहायचंय?"

"तीन आण."

मी दीड किलोमीटर चालत जाऊन तीन पोस्टकार्डं आणली. पोस्टमास्तरांनाही नवल वाटलं; त्यांनी कप्प्यातून शोधून, धूळ झटकून दिली. आबांनी एका कार्डावर दोन ओळी लिहिल्या, आमच्याच घरचा पत्ता घातला आणि दोन कोरी कार्डं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "हे आत्ताच्या आत्ता टाकून ये. आजचा शिक्का पडाय पायजे."

मग त्यांनी व्यंकटला सांगितलं ते असं. त्यांच्या काळातही वॉचमन असेच होते. म्हणून आबा लोडिंगच्या गावी पोचले की आधी पोस्टात जायचे आणि घरी एक कार्ड टाकायचे. आपण कुठल्या तारखेला तिथं होतो हे पोस्टाच्या शिक्क्यावरून सिद्ध व्हायचं. घरी आल्यावर ते कार्ड मालकाच्या टेबलावर ठेवायचं आणि हाल्टिंग घ्यायचं. "सरकारी शिक्का. मालकाचा बाप बी नाय म्हणायचा न्हाय."

व्यंकट टाळी देऊन हसला. मला हसू येईना.

त्याचं कारण सांगतो. आमच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आबांची जुनी कार्डं आहेत. नागपूर, विजयवाडा, हुबळी, इंदूर. "पोचलो. गाडी लाईनीत आहे. काळजी नसावी." आबा महिन्यात चार दिवस घरी असायचे. बाकीच्या पोरांचे बाप संध्याकाळी ओट्यावर दिसायचे, माझा बाप पोस्टमनच्या पिशवीतून यायचा. मी आईला ती कार्डं वाचून दाखवायचो, मग नकाशात गाव शोधून तिथं पेन्सिलनं टिंब करायचो. माझा भूगोल चांगला झाला तो असा. वडिलांना आपली आठवण येते याचा तेवढाच एक लेखी पुरावा माझ्याजवळ होता. आणि आज वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळत होतं, की तो हाल्टिंगचा पुरावा होता!

मी कार्ड पोस्टात टाकून आलो आणि दोन्ही केळी एकट्यानं खाल्ली.

सोमवार तसाच गेला. मला वाटलं, आबा थकतील, कंटाळतील. पण त्या रांगेत आबांना जणू माहेर सापडलं होतं. दुपारी त्यांनी व्यंकटच्या स्टोव्हवर गाडीच्या सावलीत पिठलं केलं. पुढच्या-मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर ताटल्या घेऊन आले. हमालांचा मुकादम बंडप्पा, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, सहज विचारायला आला की हे म्हातारं कोण. बोलता बोलता निघालं की त्याचा बाप लातूरच्या जुन्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालांचा मुकादम होता आणि आबांनी त्याच्या हातचा माल शंभरदा भरला होता. झालं. मग दोघं लिंबाखाली बसले ते उठेचनात. वर्षभर पाच शब्दांवर जगलेला माणूस कुठल्या घाटात ब्रेक कसा गेला, कुठल्या ढाब्यावर डाळीत काय सापडलं, हे हातवारे करून सांगत होता.

मी मात्र घामानं, धुळीनं आणि पेंडीच्या वासानं बेजार झालो होतो. संध्याकाळी म्हटलं, "आबा, फाट्यावरनं एसटी मिळेल. आपण दोघं जाऊ या का घरी?"

"तू जा," आबा म्हणाले.

दोनच शब्द, पण दोन्ही लागले. मी थांबलो. रात्री आबा ढाब्याच्या बाजेवर छान झोपले. मी त्यांच्या उशाशी डास मारत बसून राहिलो.

मंगळवारी बाराच्या सुमारास आबांच्या अंदाजाप्रमाणे आमचा नंबर लागला. आत गेल्यावर आधी रिकाम्या गाडीचं वजन करायचं, मग भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. काट्याच्या खोलीत संगणकासमोर एक मुलगी बसली होती. मला बघून ती ताडकन उभी राहिली. "सर! तुम्ही?"

ती अर्पिता. सातवीला माझ्या वर्गात होती. वजन-मापनाचं एक उदाहरण चुकलं म्हणून मी तिला तासभर उभं केलं होतं. त्याची तिनं आवर्जून आठवण करून दिली. मग अदबीनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं: वजनाच्या वेळी गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणीही बसू नये.

मी आबांना घेऊन बाजूला उभा राहिलो आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अगदी बरोबर. नियम म्हणजे नियम. असल्या बारीक चुकांनीच घोटाळे होतात." हे वाक्य पुढं बऱ्याच जणांनी मला परत ऐकवलं.

एकच्या पुढं भरणी सुरू झाली. तीनशे वीस पोती, पन्नास किलोचं एक, म्हणजे सोळा टन. बंडप्पाची टोळी पोती वाहत होती आणि आबा खाली उभे राहून थप्पी मोजत होते. बंडप्पाच्या घरून आलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन माझे डोळे मिटू लागले. ड्रायव्हरच्या सीटमागं झोपायची एक फळी असते, तिथं मी पडदा ओढून जरा आडवा झालो.

जाग आली ती बाहेरच्या आरडाओरड्यानं. चार वाजून गेले होते. खाली उतरलो तर काट्याच्या खोलीपाशी गर्दी. भरलेल्या गाडीचं वजन झालं होतं आणि माल सोळा हजारांऐवजी सोळा हजार ऐंशी किलो भरला होता.

ऐंशी किलो म्हणजे दीड पोतं जास्त. मागच्याच महिन्यात त्या कारखान्यातून काही पोती गायब झाली होती, तेव्हापासून मालकानं नियम केला होता: पन्नास किलोच्या वर फरक आला की सगळी गाडी खाली करायची आणि पुन्हा मोजायची. हमालांची सुट्टी झालेली. म्हणजे उद्या सकाळी.

मी लगेच पुढारीपण घेतलं. काटाच सदोष आहे असं अर्पिताला सुनावलं. हमालांना सर्वांदेखत शिस्तीवर चार शब्द सांगितले. व्यंकटला धीर दिला की तू काळजी करू नकोस, हाल्टिंगचा अर्ज मी स्वतः लिहितो. आबांनी तेवढं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते बंडप्पाबरोबर चहाला गेले.

बुधवारी सकाळी गाडी खाली केली. पोती मोजली: तीनशे वीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पुन्हा भरली. पुन्हा काट्यावर गेली, तेव्हा मी लांब पिंपळाच्या पारावर पॅड मांडीवर घेऊन अर्जाचा मायना लिहीत होतो. या खेपेला वजन आलं बरोबर सोळा हजार.

आता खरी पंचाईत झाली. कालचे ऐंशी किलो गेले कुठं? कारखान्याचे मॅनेजर आले, त्यांनी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष काढला की काल जास्तीचा माल गाडीत होता आणि आज खाली करताना तो कोणीतरी लांबवला. खाली कोणी केला? बंडप्पाच्या टोळीनं. "चौकशी होईस्तोवर ही टोळी कामावर घ्यायची नाही," मॅनेजर म्हणाले आणि निघून गेले.

दहा माणसं खांद्यावरची पोत्याची खोळ काढून उभी राहिली. बंडप्पा लिंबाखाली जाऊन बसला. "वीस वर्सं झाली सर इथं," मी जवळ गेल्यावर तो म्हणाला. "अजून चहाची साखर बी घरला न्हेली न्हाय." आबा त्याच्या शेजारी बसले. मी विचारलं, "आबा, चहा घेता का?"

"नको," आबा म्हणाले.

तोच आवाज, तोच पाचांतला शब्द. दोन दिवसांत जे मिळालं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत परत चाललं होतं. मी तातडीनं गौरीशंकरांना फोन लावला.

"अर्ज करा," गौरीशंकर म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्षभरानं तेज आलं होतं. "पण घटनाक्रम हवा. वेळेनिशी. आणि त्या त्या वेळी अर्जदार स्वतः कुठं होता, काय करत होता, तेही लिहा. ते नसलं तर अर्ज टिकत नाही. आम्ही नेहमी तेवढ्यावरच फेटाळायचो."

मी पारावर बसून लिहायला लागलो. सोमवार, सकाळी सात: गाडी फाटकाशी आली. अर्जदार गाडीत बसलेला होता. मंगळवार, दुपारी बारा दहा: रिकाम्या गाडीचं वजन. अर्जदार काट्याच्या बाजूला उभा होता व नियमाचे समर्थन करत होता. मंगळवार, दुपारी चार: भरलेल्या गाडीचं वजन. त्या वेळी अर्जदार...

पेन थांबलं.

त्या वेळी अर्जदार गाडीत झोपलेला होता.

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहायला हवं, पण मी पारावर मांडी घालून बसलो होतो, त्यामुळं मांडीच्या आतून काहीतरी सरकलं. मी आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. व्यंकटला वाटत होतं मी आबांबरोबर होतो. आता सत्य सांगायचं, तर ज्या पोरीला मापनासाठी उभं केलं तिच्याच समोर उभं राहायचं. व्यंकटचं आजचं हाल्टिंगही बुडणार, कारण खोळंबा आमच्यामुळं झालेला. मी बराच विचार करून लिहिलं: "त्या वेळी अर्जदार कारखान्याच्या परिसरात होता." ट्रक परिसरातच होता, म्हणजे यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं सरकारी अहवाल लिहिल्याचा तेवढा फायदा असतो.

मग मान वर केली. लिंबाखालून आबा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. मी लहानपणी पाढे म्हणताना मधेच अडलो की पुढचं आठवेपर्यंत ते असेच बघत बसायचे.

मी तो कागद फाडला आणि काट्याच्या खोलीत गेलो.

"अर्पिता," मी म्हटलं, "ते ऐंशी किलो मी आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. हसू दाबण्यासाठी तिनं ओठ इतके घट्ट मिटले की तिला उत्तर देता येईना. मग मॅनेजरांना बोलावलं. मॅनेजर म्हणाले, नुसतं सांगून चालणार नाही, करून दाखवावं लागेल. गाडी पुन्हा काट्यावर आली. मी दांडीला धरून वर चढलो. या वेळी खालून रेटा द्यायला चौघं धावले. रांगेतले सगळे ड्रायव्हर जाळीला चिकटून उभे. आकडा आला, मी उतरलो, दुसरा आकडा आला.

"सर," अर्पिता म्हणाली, "ऐंशी."

"बहात्तर," मी म्हणालो. "तुमचा काटा दहाच्या पटीत दाखवतो."

"मग सत्तर दाखवला असता, सर. जवळची दहाची पट. तुम्हीच शिकवलंय."

व्यंकट स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. बंडप्पा आला आणि त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "सर, आयुष्यभर पोती उचलली, पर असलं दीड पोतं बघितलं न्हाय बगा." मॅनेजर बंडप्पाशी चांगलं बोलले, टोळी लगेच कामाला लागली. रजिस्टरात बुधवारच्या पुढं विलंबाचं कारण लिहिणं भाग होतं. ते अर्पितानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: "गाडीत झोपलेले सर." अक्षर चांगलं होतं. त्याला वळणही मीच लावलेलं.

परंड्यापर्यंत आबा एकसारखे बोलत होते. कुठल्या वळणावर पूर्वी पाणपोई होती, कुठं टायर फुटला तेव्हा आईनं दिलेले लाडू रस्त्याच्या कडेला बसून खाल्ले, हेही सांगितलं. आईचं नाव त्यांनी वर्षात पहिल्यांदा घेतलं. मी खिडकीकडं तोंड करून ऐकत होतो. तसं ऐकलं की डोळ्यांत धूळ गेली असं म्हणता येतं.

शुक्रवारी पोस्टमन आबांचं पहिलं कार्ड घेऊन आला. सोमवारचा शिक्का स्वच्छ उमटला होता. व्यंकट ते घेऊन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेला. तिथल्या पोरांनी आधी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग म्हाताऱ्या मालकाला नेऊन दाखवलं. तो खुर्चीतून उठला म्हणे. "ही आयडिया करणारा माणूस अजून जित्ता हाय?" मंगळवारचं हाल्टिंग निमूटपणे मिळालं. बुधवारचं मी माझ्या पेन्शनमधून दिलं. व्यंकट नको म्हणाला, पण रोहिणीनं त्याला घ्यायला लावलं.

शनिवारी आणखी दोन कार्डं आली. ती मी विसरलोच होतो. दोन्हींवर माझं नाव, श्रीमंत. बंडप्पानं जाता-येता पोस्टात टाकली असणार. मंगळवारच्या कार्डावर लिहिलं होतं:

"चि. श्रीमंत यास अनेक आशीर्वाद. गाडी आत गेली. तीनशे वीस पोती भरली. तू मागच्या फळीवर झोपला आहेस व घोरतो आहेस. आता काट्यावर जायचे. उठवायला पाहिजे. पण रात्रभर माझ्यासाठी जागा होतास. झोप. काट्याचे नंतर बघू. काळजी नसावी."

मी ते दोनदा वाचलं. अडतीस वर्षांत ज्या माणसानं काट्याचा नियम कधी मोडला नाही, त्यानं तो मोडला होता. मी कार्ड घेऊन गॅलरीत गेलो. "आबा, तुम्हाला माहीत होतं? मग मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"एक दिस आणखी मिळाला की," आबा म्हणाले.

"आणि बंडप्पा? त्याच्यावर आळ आला तेव्हा तरी?"

"त्याला लिंबाखाली समदं सांगितलं हुतं म्या. म्हणलं, थांब जरा. मास्तर हाय माझा पोरगा, त्यो सांगंल."

म्हणजे त्या पारावर मी परिसरात होतो की नव्हतो याचा काथ्याकूट करत असताना ते दोघं माझ्याकडं बघत नुसते वाट पाहत होते. मी तिसरं कार्ड वाचलं. बुधवारचं. त्यावर एवढंच होतं: "गाडी सुटली. तुझे वजन बरोबर निघाले. येतो."

"आबा," मी म्हटलं, "हाल्टिंगला किती कार्डं लागतात?"

"एकच. पोचल्या दिवसाचं."

"मग बाकीची?"

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की साठी उलटली तरी या पोराला एवढं कळू नये. "बाकीची घरला," ते म्हणाले. "चहा सांग."

मी चहा सांगितला आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. डबा खाली आणला. गॅलरीत आबांच्या पुढं सगळी कार्डं पसरून मी दोन थप्प्या लावायला घेतल्या: एका गावाचं पहिलं कार्ड इकडं, त्याच गावाची पुढची तिकडं. हुबळी, एक इकडं, दोन तिकडं. विजयवाडा, एक इकडं, सहा तिकडं. पहिली थप्पी चार बोटं भरली आणि संपली. दुसरी लावता लावता संध्याकाळ झाली, आणि आबा एकेक कार्ड हातात घेऊन त्या त्या लाईनीचं सांगत राहिले.